तुळशीला न चाललेलं खत

विमलताई गेल्याचं कळलं तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत शेणखतात होते. ऊन भिंतीवरून खाली उतरायच्या आत गांडुळांवरचं गोणपाट ओलं करून घ्यायचं, हा माझा उन्हाळ्यातला नेम. तेवढ्यात भिंतीपलीकडून तिची सून माधुरी रडत म्हणाली, "काकू, दवाखान्यातून फोन आला... आई गेल्या." मी हात तसेच झटकले आणि पुढच्या दारानं न जाता, साठीची बाई, स्टुलावर चढून भिंतीवरूनच पलीकडं उतरले. तीस वर्षं आमचा रस्ता तोच होता. मी रडले, तिच्या पोरांना जवळ घेतलं, तिला नेसवायची साडी कुठल्या कप्प्यात आहे तेसुद्धा मीच सांगितलं. ते रडणं खरं होतं, कुणी शंका घेऊ नये. पण पेपरच्या पुरवणीसाठी तिच्याबद्दल लिहाल का असं मला विचारलं गेलं तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, की माझ्याकडून गोड गोड काही येणार नाही. मी तिच्यावर भयंकर रागावलेली आहे. तेराव्याच्या दिवशी तिच्या अंगणात मला एक गोष्ट कळली, आणि तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे: मी ह्या बाईची मैत्रीण होते, का नुसतं तिच्या हातून घडलेलं पुण्यकर्म? हा प्रश्न तिलाच तोंडावर विचारायचा तर ती भांडायला जागेवर नाही, आणि त्याचा राग आणखी वेगळा.

आधी ओळख कशी झाली ते सांगते. वाळूजला तेव्हा एकामागून एक कारखान्यांचे पत्रे चढत होते. माझे यजमान तिथं एका कंपनीत लेथवर, आणि विमलताईचे यजमान, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्याच कंपनीत स्टोअरला. दोघं एकाच बसनं शिफ्टला जायचे. मी शाळेत मास्तरीण. सिडकोत आम्हाला शेजारी शेजारी बैठी घरं मिळाली, मधे कमरेपेक्षा जरा उंच भिंत. आम्ही बौद्ध. तिचं सासर फुलंब्रीकडचं, पाटलाचं घर, गावाकडं अजून शेती. ह्या घराआधी भाड्याची खोली शोधत मी औरंगपुऱ्यापासून गुलमंडीपर्यंतच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. खोली रिकामी असायची, आणि मी आडनाव सांगितलं की ती नेमकी कुणाच्या तरी भाच्याला देऊन झालेली असायची. त्यामुळं नव्या घरात पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून एका बाईची हाक आली तेव्हा मी आडनाव जिभेवर तयारच ठेवलं होतं. तर ती म्हणते, "ओ बाई, तुमच्याकडं पाणी आलंय का? आमचा नळ नुसता फुसफुस करायलाय." बस्स. आडनाव नाही, गाव नाही, कोण-कुठले काही नाही. मी त्या क्षणी तिची झाले. आता कळतं, तिला विचारायची गरजच नव्हती. आमच्या समोरच्या खोलीतला फोटो तिच्या ओट्यावरून स्वच्छ दिसत होता.

गांडुळं माझ्याकडं आली ती शाळेमुळं. शेतीखात्याच्या लोकांनी शिक्षकांसाठी एक शिबिर घेतलं होतं, घरच्या घरी ओल्या कचऱ्याचं खत कसं करायचं त्याचं. येताना प्रत्येकाच्या हातात ओल्या शेणाच्या गोळ्यात थोडी थोडी गांडुळं दिली. बाकीच्या मास्तरांनी ती गेटबाहेरच्या झाडाखाली ओतली आणि हात धुतले. मी मात्र बिस्किटाच्या डब्यात घालून, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून, रिक्षातून मांडीवर घेऊन आले. अंगणात विटा रचून टाकी केली, तळाला नारळाच्या शेंड्या, वर वाळका पाला, त्यावर मुरलेलं शेण. विमलताई भिंतीवर कोपरं टेकवून सगळं बघत होती. तोंडाला पदर.

"अगं मास्तरीण, लोकं कोंबड्या पाळतेत, कुत्रं पाळतेत, तू हे काय पाळायलीस?"

"खत देतात ती."

"खत तर आमच्या गावाकडं ढिगानं हाय. गाडी भरून आणू का?" आणि मग जरा पुढं वाकून, "चावत तर नाय ना गं?"

थट्टा करता करता तिला नाद लागला. भाजीची देठं, केळाची सालं, चहाचा चोथा ती स्वतः आणून टाकायला लागली. संक्रांतीला तिच्याकडं हळदीकुंकू असायचं. आमच्यात ते काही नसतं, पण ती मला बोलवायची. मात्र दुसऱ्या दिवशी. "काल लई गर्दी व्हती गं, तुझ्याशी धड बोलणं झालं नसतं. आज आपण निवांत बसू." मला बाई, एवढं भारी वाटायचं! सगळ्या कॉलनीला एक दिवस आणि मला एकटीला एक दिवस. ती मला तिळगूळ द्यायची, वाण म्हणून कधी कंगवा, कधी गाळणी. त्या वर्षी मी म्हटलं, दर वेळी मीच काय घ्यायचं? नारळाची अर्धी करवंटी घेतली, ओलं शेण भरलं, त्यात आपल्या टाकीतली चांगली मोठी, गळ्याजवळ पट्टा आलेली गांडुळं निवडून घातली, वर फडकं बांधलं आणि तिच्या हातात दिली. "घे, माझ्याकडून वाण." फडकं सोडल्यावर ती जी हसत सुटली, ती आतून सासू ओरडेपर्यंत थांबली नाही. दुसऱ्या दिवशी आप्पांनी भिंतीलगत तिला विटांची टाकी बांधून दिली. माझ्या टाकीच्या अगदी समोर, मधे फक्त ती भिंत.

मग आमची खरी शाळा सुरू झाली. गांडुळाला बोलता येत नाही, पण त्याचं सगळं दुखणं त्याच्या वागण्यात दिसतं, हे मी तिला शिकवलं आणि मीही तिच्यासोबतच शिकत होते. एकदा तिची सगळी गांडुळं टाकीच्या भिंतीवर चढून बसली. ती घाबरून हाका मारायला लागली, "मास्तरीण, हे पळून चाललेत बघ!" मी हात घालून पाहिलं तर आतलं सगळं आंबून गेलेलं, वरून झाकण घट्ट. वारं नाही, वास मारतोय, बिचारी पळणार नाहीतर काय करणार? उलथंपालथं करून कोरडा पाला मिसळला तर दोन दिवसांत सगळी खाली. दुसऱ्यांदा ती एका कोपऱ्यात गोळा होऊन, एकमेकांत गुंतून बसली होती. ते उन्हाळ्याचं. आपल्याकडचं ऊन टाकीच्या विटा तापवतं, मग जिथं जरा गारवा असेल तिथं सगळी अंग चोरून बसतात. मूठभर खत दाबलं की एखादा थेंब पडावा, धार लागू नये, एवढी ओल. ओल कमी पडली तर जीव घुसमटतो, कारण त्यांना नाकबिक काही नाही, सगळ्या अंगानंच श्वास घ्यायचा. डोळे नाहीत पण उजेड कळतो. कान नाहीत पण हादरा कळतो, विमलताई अंगणात उखळात मिरच्या कांडायला बसली की टाकीतली वरची गांडुळं झरझर आत जायची, आणि ती म्हणायची, "बघ, माझ्या सासूपेक्षा ह्यांना माझी जास्त धास्ती." लिंबाची सालं नको, तिखट नको, आणि मीठ तर मुळीच नको, हे तिला मी पुन्हा पुन्हा बजावलं होतं. अंड्याची टरफलं वाळवून कुटून टाकली तर आंबटपणा मरतो, म्हणून मी ती तिला पुडीत बांधून द्यायचे. सासू माळकरी, म्हणून ती पुडी पदराखालून न्यायची. बाकी तिच्या घरात रविवारी मटणाचा रस्सा शिजायचा, वेगळ्या चुलीवर, मागल्या पत्र्याच्या शेडमध्ये. हे मी उगीच सांगत नाही, पुढं उपयोगी पडेल.

तिच्या दारापुढची तुळस तर अशी वाढली, की रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून विचारायच्या, काय घालता हो? मी शाळेत सांगायचे. कॉलनीत सांगायचे. माझ्या टाकीतलं बीज, पाटलाच्या तुळशीला! ह्या गावात, त्या दिवसांत हे सांगताना माझी छाती किती फुगत असेल, ह्याची ज्यांना कल्पना आहे त्यांना आहे.

त्या दिवसांत म्हणजे नामांतराच्या. विद्यापीठाच्या नावाचा वाद मी शाळकरी असताना पेटला. आमची वस्ती तेव्हा जळलेली मी पाहिली आहे. आईनं धुरातून ओढून काढलेली एक पितळी परात अजून माझ्याकडं आहे, एका बाजूनं काळी. वडील मग आम्हाला घेऊन शहरात आले. पुढं कितीतरी वर्षं ते प्रकरण धुमसतच राहिलं. मोर्चे निघायचे, बंद व्हायचे, पुन्हा शांत. अखेर निर्णय झाला तो संक्रांतीच्याच दिवसांत. आमच्याकडं आनंद होता आणि धास्तीही होती. सकाळची बस वाळूजला गेली ती गेली. दुपारी रस्ते सुनसान झाले, बस येणार नाही असा निरोप आला, कुठंतरी दगडफेक झाली म्हणून कुणी सांगून गेलं. माझी दोन लेकरं, धाकटी तर जेमतेम चालणारी. मी दाराला कडी लावून दोघांना घेऊन आत बसले. भिंतीवरून हाक आली.

"रत्ना! ए रत्ना!" एरवी ती मला कधी नावानं हाक मारायची नाही. "लेकरं दे इकडं. आधी बारकी दे."

"ताई, अगं, तुमच्याकडं कुणी..."

"दे म्हणते ना! कोण येतंय माझ्या दारात बघते मी. व्हय व्हय, पाटलाच्या दारात येऊन बघा म्हणावं!"

मी लेकरं भिंतीवरून दिली आणि मागोमाग मीही गेले. सासू आतून काहीतरी बडबडत होती. विमलताईनं तिला एकच उत्तर दिलं, "तुमी जप करा." आप्पा आणि माझे यजमान कारखान्यातच अडकलेले. आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्या घरात राहिलो. तिनं लेकरांना मांडीवर घेऊन भाकरी-दूध चारलं. आमच्या गल्लीत कुणी आलं नाही, ते खरं. पण कुणी आलं असतं तर ती दारात उभी राहिली असती, ह्याची मला तेव्हा खात्री होती, आणि सगळं कळूनसुद्धा आज ती खात्री आहे. हीच तर माझी अडचण आहे. ती नुसती वाईट असती तर मी एक कडक शिवी हासडून मोकळी झाले असते.

आता तेरावं. मंडप, पाहुणे, गावाकडची माणसं, पंगती. मी स्वयंपाकघराच्या बाजूला गेले नाही, तसं पाहिलं तर तीस वर्षांत फारशी कधी गेलेच नव्हते, आमचं सगळं भिंतीवर आणि ओट्यावर. माधुरीनं मला बाजूला घेतलं. गुणाची पोरगी आहे, शिकलेली आहे, माझ्या हाताखालून नसली तरी माझ्यासमोर वावरलेली आहे. म्हणाली, "काकू, तुम्हाला म्हणून विचारते. गांडुळांचं मला काही कळत नाही. आईंच्या दोन टाक्या मी कशा सांभाळणार?"

"दोन?" मी म्हटलं. "एकच आहे की. भिंतीजवळची."

"ती तुमची. दुसरी देवाची."

ती मला घराला वळसा घालून पलीकडच्या अंगाला घेऊन गेली. तिकडं जिना आहे, जिन्याखाली जुने डबे, सायकल, असलं काहीबाही असतं म्हणून मी कधी तिकडं फिरकले नव्हते. तिथं सिमेंटची टाकी, वर स्वच्छ गोणपाट, शेजारी पितळी तांब्या आणि एक छोटं खुरपं. माधुरी अगदी निर्मळपणानं समजावून सांगत होती. ह्या टाकीत फक्त देवाची उतरलेली फुलं, पूजेची पानं, न शिजवलेल्या भाजीची देठं. ह्यातलं खत तुळशीला, दुर्वांना, देवाच्या जास्वंदीला आणि घरच्या भाजीला. भिंतीजवळच्या टाकीतलं खत गुलाबाला, शेवंतीला आणि फाटकाजवळच्या शोभेच्या झाडांना. खुरपी वेगळी. त्या टाकीत हात घातला तर आंघोळ केल्याशिवाय ह्या टाकीला हात लावायचा नाही. "पहिल्यापासून तसंच आहे," ती म्हणाली, "तुम्ही वाण दिलं त्याच वर्षी आईंनी रोपवाटिकेतून दुसरी गांडुळं आणून ही केली. तुमच्या घरातली तुळशीला कशी चालणार?" आणि एवढं बोलल्यावर तिच्या लक्षात आलं. जीभ चावली. "म्हणजे काकू... ते अंड्याच्या टरफलांमुळं हो. आजी माळकरी होत्या ना."

अंड्याची टरफलं! ज्या घरात रविवारी रस्सा शिजतो त्या घराला अंड्याच्या टरफलाचा विटाळ. आणि माळकरी सासू जाऊन किती वर्षं झाली, माधुरी लग्न होऊन आली तेव्हा म्हातारी नव्हतीसुद्धा. मग हे कुणासाठी चाललं होतं? मंडपात माणसं जेवत होती. मास्तरकीनं एक गोष्ट शिकवली आहे, चारचौघांत तोंडाचा ताबा सोडायचा नाही. मी नुसतं विचारलं, "गांडुळं टिकली का गं इतकी वर्षं?" म्हणाली, "नाही ना. आई सांगायच्या, एका उन्हाळ्यात मुंग्यांनी सगळी फस्त केली होती. मग त्यांनी परत कुठून तरी आणून भरली."

कुठून तरी...

मला तिथंच आठवलं. एका मे महिन्यात विमलताई दुपारची भिंतीपाशी आली होती, हातात मोठी वाटी. "मास्तरीण, थोडी गांडुळं दे गं." मी म्हटलं, तुझी टाकी तर भरून वाहतेय, तुला कशाला? तर भिंतीवरचा पोपडा नखानं खरवडत म्हणाली, "असू दे. तुझ्याकडली जोमदार हायेत." मी हसले. माझ्या हातानं निवडून निवडून वाटी भरली, वर ओलं फडकं टाकलं. तिच्या टाकीत समोर ती गांडुळं होती, ती माझीच होती, पण आप्पांच्या, पोरांच्या डोळ्यांदेखत त्या टाकीतून ह्या टाकीत कशी नेणार? म्हणून माझ्याकडून गुपचूप वाटी. पदराखाली धरून ती गेली आणि वळसा घालून जिन्याखाली गेली असणार. म्हणजे ह्या बाईला पुरतं माहीत होतं. तिच्या तुळशीला माझी गांडुळं चालत होती, देवाला चालत होती, दुर्वांना चालत होती, पुढची सगळी वर्षं चालली. आणि तरीही तिनं दोन टाक्या ठेवल्या, दोन खुरपी ठेवली, सुनेला आंघोळीचा नियम शिकवला!

तिचा त्यावर खरंच विश्वास असता तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. अडाणीपणा म्हटला असता, सासूचा धाक म्हटला असता. पण तिचा विश्वास नव्हता. तिनं ते खोटं आहे हे जाणून, घरच्यांच्या तोंडासाठी, रोज सकाळी नेमानं पाळलं. आणि मग भिंतीपाशी येऊन मला विचारलं, "काय गं मास्तरीण, आज काय म्हणतेत आपली पोरं?" आपली पोरं म्हणायची ती गांडुळांना. कुठल्या तोंडानं म्हणायची?

विश्वासघाताचं एक वाईट असतं, तो पुढचं बिघडवत नाही, मागचं बिघडवतो. मी आता रोज बसून जुनं उकरत असते. संक्रांतीचा तो माझा एकटीचा दुसरा दिवस, तो निवांत बोलण्यासाठी होता का बाकीच्या बायकांच्या पंगतीत मी नको म्हणून होता? नामांतराच्या त्या दोन दिवसांत तिनं आम्हाला जेवायला कशात वाढलं होतं? स्टीलची ताटं होती, का पत्रावळ होती? लेकरांनी दूध कुठल्या पेल्यातून घेतलं? मी डोकं फोडून आठवतेय, नाही आठवत. आठवतं ते एवढंच, की माझी बारकी तिच्या मांडीवर झोपली होती आणि पायाला मुंग्या आल्या तरी ती हलली नव्हती. माझ्या यजमानांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जाऊ दे रत्ना, जीवावर बेतलं तेव्हा उभी राहिली ना?" मी म्हटलं, उभी राहिली हो. पण जीव वाचवायचा प्रसंग एकदाच आला. टाकी रोजची होती.

त्याच आठवड्यात माधुरी भिंतीपाशी आली, चेहरा उतरलेला. "काकू, देवाच्या टाकीतली गांडुळं सगळी वर चढलीत. टाकीभर नुसती वळवळ. काही बाहेर पडून वाळली पण."

"काय टाकलंस आत?"

"तेराव्याचं उरलेलं. वरण, भात, भजी, कढी... उष्टं नाही हो काकू, नैवेद्याचं बाजूला काढलेलं होतं. ते कचऱ्यात कसं टाकणार? म्हणून देवाच्या टाकीत टाकलं."

घ्या! आंबट, तेलकट, मिठाचं, आणि तेही घमेलंभर. देवाचं म्हणून देवाच्या टाकीत. गांडुळाच्या उघड्या अंगाला मीठ म्हणजे निखारा, पळणार नाहीतर काय? राग बाजूला ठेवून मी सांगितलं. आधी ते सगळं अन्न काढ. टाकीत हळूहळू पाणी सोड, खालच्या भोकातून मीठ वाहून जाऊ दे. मग भिंतीजवळच्या टाकीतलं जुनं, काळं, चहाच्या पुडीसारखं झालेलं खत काढ आणि हातभर थर दे. आंबटपणा ओढून घ्यायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. दोन दिवसांत खाली उतरतील.

माधुरी हलली नाही. बांगड्या मागं-पुढं करत उभी. "काकू... नुसती माती टाकली तर नाही का चालणार?"

"का गं?" का ते मला माहीत होतं. तरी विचारलं.

"नाही म्हणजे, तुळशीचं आहे ना ते. आप्पा बघत असतात."

तेव्हा माझा ताबा सुटला. मेलेल्या माणसाचं गुपित फोडू नये वगैरे मलाही कळतं. पण मी कशाला झाकू? "ऐक माधुरी," मी म्हटलं, "तुमच्या देवाच्या टाकीतली गांडुळं माझीच आहेत. मुंग्यांनी खाल्ली त्या उन्हाळ्यात तुझी सासू वाटी घेऊन इथं, तू उभी आहेस तिथंच उभी होती. मी माझ्या हातानं भरून दिली. तेव्हापासून तुमच्या तुळशीत आणि दुर्वांत माझ्याच घरची गांडुळं राबतायत."

"आईंना माहीत होतं?"

"तिनंच नेली."

मला वाटलं ती ओशाळेल. किंवा हसेल तरी, नव्या पिढीची आहे, कॉलेजात शिकलेली आहे, म्हणेल, काय आई पण! मी मनातून त्याची वाटच बघत होते, खोटं कशाला बोलू. ती हसली असती तर मी विमलताईला अर्धं माफ केलं असतं. माधुरीनं मागं वळून घराकडं पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून मला विचारलं, "मग काकू... तुळशीतली पण काढावी लागतील का? आप्पांना कळलं तर..."

तर हे होतं माझ्या प्रश्नाचं उत्तर. मी त्या घराला गांडुळं सांभाळायला शिकवलं, आणि विमलताईनं त्याच घराला, त्याच टाक्यांवर, हे शिकवून ठेवलं. दोघींचं शिकवणं सारखंच रुजलं.

"काढ," मी म्हटलं. "सगळी वेचून काढ आणि इकडं आणून दे. माझी आहेत ती."

तिनं खरंच काढली. दुपारभर तुळशीवृंदावनाची माती उकरून, जिन्याखालची टाकी उपसून, माझी मला परत दिली, घमेल्यात घालून, भिंतीवरून. मी ती माझ्या टाकीत सोडली, ओला पाला टाकला, गोणपाट झाकलं. त्यांचा काय दोष?

एक गोष्ट मात्र मी माधुरीला सांगितली नाही. गांडुळं वेचता येतात, अंडी वेचता येत नाहीत. मोहरीच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी, मातीसारखीच पिवळट तपकिरी, मुळांना चिकटून बसलेली असतात. पाटलाच्या तुळशीच्या मुळाशी ती शेकड्यांनी आहेत. ही पुरवणी त्या घरात पोचेल तेव्हा त्यांना कळेलच, आणि तोवर ती फुटलेली असतील.